सीनिअर केअर वर्कर (इंग्लंड)

इंग्लंडमधील प्रौढांच्या सामाजिक काळजी व्यवस्थेत (वृद्ध, आजारी वा अपंग माणसांना रोजच्या जगण्यात मदत करणाऱ्या सेवांत) केअर वर्कर आणि व्यवस्थापक यांच्यामधल्या पायरीवरचा कर्मचारी. केअर होममध्ये किंवा घरपोच सेवा देणाऱ्या संस्थेत एका पाळीची सूत्रे सांभाळणे, औषधे देणे, केअर प्लॅन (प्रत्येकाच्या काळजीचा लेखी आराखडा) लिहिणे व वेळोवेळी बदलणे, सहकाऱ्यांच्या कामावर नजर ठेवणे आणि एखाद्याची प्रकृती बिघडल्यास कोणाला व केव्हा बोलवायचे हे ठरवणे, ही त्याची मुख्य कामे. या पदांवर बहुसंख्येने स्त्रिया आहेत. परिचारिका नसलेल्या केअर होममध्ये मध्यरात्री इमारतीतील सर्वांत वरिष्ठ व्यक्ती बहुधा सीनिअरच असते. तरीही या पदाची व्याख्या कोणत्याही कायद्यात नाही. 2008 चा आरोग्य व सामाजिक काळजी कायदा सेवा पुरवणारी संस्था आणि नोंदणीकृत व्यवस्थापक या दोघांना ओळखतो. सीनिअर त्यांच्या वतीने काम करतो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील व्यवस्था निराळी असल्याने प्रस्तुत नोंद मुख्यतः इंग्लंडपुरती आहे.

उगम : या पदाचा उगम कोठे शोधावा याबद्दल मतभेद आहेत. एक मत तो गरीब-कायद्याच्या, म्हणजे निराधारांच्या मदतीच्या जुन्या व्यवस्थेच्या, काळापर्यंत मागे नेते. 1834 च्या दुरुस्तीनंतर पॅरिशांच्या (चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या स्थानिक विभागांच्या) संघांनी चालवलेल्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवून काम करायला लावणाऱ्या निवासांत, मास्टर (प्रमुख) आणि मेट्रन (स्त्री-प्रमुख) कारभार पाहत. आजारी व वृद्ध अंतेवासींची (तेथे राहणाऱ्यांची) सेवा मात्र धडधाकट अंतेवासींकडूनच करून घेतली जाई. 1865 मध्ये लिव्हरपूलच्या ब्राउनलो हिल वर्कहाउसच्या रुग्णालयात ॲग्नेस जोन्स यांच्या नेतृत्वाखाली प्रशिक्षित परिचारिका आल्या. खर्च लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी उचलला होता. 1897 च्या आदेशाने अंतेवासींना परिचारिकेचे काम देण्यास मनाई झाली. पगारी कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली मदतनीस म्हणून मात्र त्यांना ठेवता येई. हा देखरेख करणारा पगारी कर्मचारी म्हणजेच आजच्या सीनिअरचा पूर्वज, असा या मताचा रोख आहे.

दुसरे मत घरपोच मदतीच्या परंपरेकडे बोट दाखवते. 1918 च्या माता व बालकल्याण कायद्याखाली बाळंतिणींसाठी ‘होम हेल्प’ सुरू झाल्या. 1946 च्या राष्ट्रीय आरोग्य सेवा कायद्याने वृद्ध व आजारी माणसांसाठी ही सेवा देण्याची मुभा स्थानिक संस्थांना दिली आणि 1968 च्या कायद्याने मुभेचे कर्तव्य केले. या सेवेत ‘ऑर्गनायझर’ असत, पण त्यांचे काम कोणी कोणत्या घरी जायचे हे वाटून देण्याचे आणि हिशेबाचे, म्हणजे मुख्यतः कार्यालयातले होते. प्रत्यक्ष अंगमेहनतीची सेवा करता करता इतरांवर देखरेख करणे, हे सीनिअरचे व्यवच्छेदक लक्षण त्यांच्यात दिसत नाही.

तिसऱ्या मतानुसार हे पद बरेच अलीकडचे, बहुधा 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे आकारास आलेले आहे. 1948 च्या राष्ट्रीय सहाय्य कायद्याने गरीब-कायदा संपवला आणि वय, दुर्बलता वा अन्य कारणाने काळजीची गरज असलेल्यांना निवास देण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपवले. या कायद्याच्या तिसऱ्या भागावरून अशा निवासांना ‘पार्ट थ्री’ म्हणत. तेथे राहायला येणारी माणसे त्या काळी बरीचशी हिंडती-फिरती असत, निदान तशी अपेक्षा होती. 1980 च्या दशकात सामाजिक सुरक्षा निधीतून शुल्क मिळू लागल्याने खाजगी निवास झपाट्याने वाढले. 1984 च्या नोंदणीकृत निवास कायद्याने निवासी गृह आणि परिचर्यागृह असे दोन वर्ग केले व परिचारिका दुसऱ्याच वर्गाला आवश्यक ठरवली. पुढे रुग्णालयांतील दीर्घ मुदतीच्या खाटा कमी होत गेल्या, 1990 चा सामुदायिक काळजी कायदा 1 एप्रिल 1993 पासून पूर्णपणे अमलात आला, आणि पूर्वी रुग्णालयात राहिली असती अशी थकलेली, स्मृतिभ्रंश झालेली माणसे परिचारिका नसलेल्या गृहांत येऊ लागली. तेथे औषधांचे कपाट कोणाच्या तरी हाती द्यावेच लागले.

उपलब्ध पुरावा या तिसऱ्या मताच्या बाजूने अधिक झुकतो. व्यवसायांच्या सरकारी वर्गीकरणात 2000 साली काळजी सहायकांचा एकच गट होता. ‘सीनिअर केअर वर्कर’ हा स्वतंत्र गट 2010 च्या वर्गीकरणात आला. त्याच सुमारास परदेशी मनुष्यबळाच्या प्रश्नाने व्याख्येची गरज निकडीची केली : 2008 मध्ये सरकारच्या स्थलांतर सल्लागार समितीने कुशल सीनिअर कोणाला म्हणावे यासाठी ताशी 8.80 पौंड ही वेतनाची रेषा सुचवली व ती पुढील वर्षी खाली आणली. ज्या पदाची सीमा पगारावरून ठरवावी लागते, त्याची परंपरा दीर्घ असणे कठीणच. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी 1960 च्या सुमारास केलेल्या पाहणीत अनेक वृद्धनिवास जुन्या वर्कहाउसच्याच इमारतींत चालत असल्याचे आढळले होते. गरीब-कायद्याशी असलेले नाते प्रामुख्याने या वास्तूंचे असावे.

2000 च्या काळजी मानके कायद्याने 1984 चे दोन वर्ग मोडून ‘केअर होम’ ही एकच संज्ञा आणली. त्याखालच्या किमान मानकांत 2005 पर्यंत निम्म्या कर्मचाऱ्यांनी दुसऱ्या स्तराची व्यावसायिक पात्रता मिळवावी अशी अपेक्षा होती. त्यामुळे शिकणाऱ्यांच्या कामाची प्रत्यक्ष पाहणी करून साक्ष देणारा अनुभवी सहकारी जागोजागी लागू लागला आणि सीनिअरच्या कामात ही भर पडली. काळजी सेवांची तपासणी 2009 पासून केअर क्वालिटी कमिशनकडे (सीक्यूसी) आहे.

औषधे : या पदाची सर्वांत जोखमीची जबाबदारी. घरोघरी जाणारे सीनिअरही औषधे देतात, पण कामाचे संपूर्ण स्वरूप केअर होममधील ‘फेरी’त दिसते. कुलूपबंद ट्रॉली रहिवाशाजवळ न्यायची, औषध नोंदपत्रकावरील छायाचित्र, नाव व ॲलर्जी पाहायची, पाकिटावरची चिठ्ठी आणि पत्रक जुळवायचे, गोळी हाताला न लावता छोट्या कपात काढायची, पाणी द्यायचे, गिळल्याची खात्री करायची, आणि मगच सही करायची. सगळ्यांना औषधे देऊन शेवटी एकदम सह्या करणे ही गंभीर चूक मानतात, कारण मध्येच घंटा वाजून सीनिअरला धावावे लागले तर कोणाला काय दिले हे सांगता येत नाही. म्हणून काही ठिकाणी फेरी करणारा ‘व्यत्यय आणू नये’ असे लिहिलेला लाल अंगरखा घालतो. तो घातल्याने व्यत्यय थांबतोच असे नाही.

आरोग्य व काळजी सेवांसाठी मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या राष्ट्रीय संस्थेने 2014 मध्ये केअर होममधील औषधांसाठी मार्गदर्शिका काढली. तीत योग्य व्यक्ती, औषध, मार्ग, मात्रा व वेळ यांच्या जोडीला नकार देण्याचा हक्कही मोजला आहे. यांपैकी वेळेचे महत्त्व बाहेरच्यांना सहसा जाणवत नाही. पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपा अर्ध्या तासाहून अधिक उशिरा मिळाले तर त्याचे अंग आखडते, कधी घासही गिळता येत नाही. हाडांसाठीचे अलेंड्रोनिक ॲसिड उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर द्यावे लागते व नंतर निदान अर्धा तास ताठ बसवावे लागते. सकाळच्या सरसकट फेरीत न्याहारीसोबत ते दिले की वाया जाते. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिलची पट्टी अशी नियंत्रित औषधे 1973 च्या नियमांनुसार स्वतंत्र कपाटात राहतात. त्यांच्या बांधीव वहीत प्रत्येक वेळी शिल्लक लिहायची आणि दुसऱ्या साक्षीदाराची सही घ्यायची असते. नवी पट्टी लावण्याआधी जुनी काढल्याची खात्री करणे आणि ती कोठे लावली हे लिहिणे सीनिअरकडेच येते. दोन पट्ट्या एकाच वेळी अंगावर राहिल्यास श्वास मंदावून मृत्यूही ओढवू शकतो.

‘गरजेनुसार’ द्यायच्या औषधांत निर्णय सीनिअरला घ्यावा लागतो. बोलता न येणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला वेदना आहे की अस्वस्थता, हे चेहरा, कण्हणे आणि हालचाल पाहून ताडावे लागते. त्यासाठी ॲबी वेदनामापनासारखी साधने वापरतात. वेदना ओळखता आली नाही तर पॅरासिटामॉलने भागले असते तेथे झोपेचे औषध दिले जाण्याचा धोका असतो. अन्नात मिसळून, न सांगता औषध देणे सीनिअरच्या अधिकारात बसत नाही. त्यासाठी रुग्णाची त्या निर्णयापुरती क्षमता तपासणे, हिताचा निर्णय बैठकीत घेणे व औषधतज्ज्ञाचे मत घेणे आवश्यक असते. संथ गतीने विरघळणारी गोळी कुटून जॅममध्ये घातली तर सगळी मात्रा एकदम अंगात जाते.

क्षमता, स्वातंत्र्य आणि संरक्षण : 2005 च्या मानसिक क्षमता कायद्यानुसार प्रत्येक प्रौढ स्वतःचे निर्णय घेण्यास क्षम आहे असे गृहीत धरायचे, आणि निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून त्याला अक्षम ठरवायचे नाही. मधुमेही रहिवासी केक मागतो, तेव्हा हा कायदा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो. सीनिअरने तेथे काय केले आणि काय लिहिले यावर पुढचे बरेच अवलंबून असते. स्वातंत्र्य-वंचनेच्या तरतुदी, म्हणजे क्षमता नसलेल्या व्यक्तीला तिच्या हितासाठी अडवून ठेवायचे तर अर्ज करून परवानगी घेण्याची व्यवस्था, एप्रिल 2009 पासून लागू आहेत. मार्च 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेशायर वेस्ट प्रकरणात सतत देखरेख व नियंत्रण आणि निघून जाण्याची मोकळीक नसणे अशी कसोटी घालून दिली व पुढच्या वर्षभरात अर्ज सुमारे दहापट झाले. अर्ज करणे व्यवस्थापनाचे काम असले तरी त्याला आधार लागतो तो सीनिअरने लिहिलेल्या रोजच्या नोंदींचा. या तरतुदींच्या जागी नवी व्यवस्था आणणारा 2019 चा कायदा संमत झाला, पण 2023 मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली.

छळ वा हेळसांडीची शंका आल्यास चौकशीचे कर्तव्य 2014 च्या काळजी कायद्याच्या कलम 42 नुसार स्थानिक संस्थेचे असते. सीनिअरने स्वतः तपास करू नये. व्यक्ती सुरक्षित करावी, तिचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, जखमेची जागा शरीराच्या आकृतीवर दाखवावी आणि वर कळवावे. 2015 पासून काळजी कर्मचाऱ्याने केलेला छळ किंवा जाणूनबुजून केलेली हेळसांड हा स्वतंत्र फौजदारी गुन्हा आहे. त्यात सीनिअर व नवशिका असा भेद नाही.

पाळी : पाळीची सुरुवात आधीच्या सीनिअरकडून माहिती घेऊन होते : रात्री कोण पडले, कोणी पाणी कमी प्यायले, कोणाच्या टाचेवर लाली आली. मग कोणी कोणाकडे जायचे हे ठरते. यारीला, म्हणजे उचलण्याच्या यंत्राला, सहसा दोघे लागतात. माणसे उचलणाऱ्या यारीची सक्षम व्यक्तीकडून सहा महिन्यांनी तपासणी 1998 च्या नियमांनी बंधनकारक आहे, पण झोळीचे माप बरोबर आहे ना हे रोज सीनिअरच पाहतो. दाबव्रणांसाठी (सतत एका जागी दाब आल्याने होणाऱ्या जखमांसाठी) वॉटरलो गुणांकन, कुपोषणासाठी ‘मस्ट’ आणि अनेक ठिकाणी तब्येत ढासळत असल्याचे वेळीच ओळखण्यासाठी 2017 चे ‘न्यूज 2’ हे गुणांकन वापरले जाते. अनुभवी सीनिअर ‘आज त्या नेहमीसारख्या नाहीत’ असे फोनवर सांगतात तेव्हा डॉक्टर आकडे मागतात. हे आकडे देता येणे ही अलीकडच्या काळात पदाची जवळजवळ अट झाली आहे. हृदय बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये असे नोंदवलेला कागद कोठे आहे, आणि त्याचा अर्थ इतर उपचार थांबवा असा होत नाही, या दोन्ही गोष्टी रात्रपाळीच्या सीनिअरला ठाऊक असाव्या लागतात.

सहकाऱ्यांशी ठराविक काळाने होणारी वैयक्तिक बैठक, नवख्याला सोबत घेऊन शिकवणे, एजन्सीकडून ऐनवेळी आलेल्यास इमारत दाखवणे हेही याच पाळीत बसवायचे असते. अनेक ठिकाणी सीनिअर स्वतःही किमान मनुष्यबळात मोजला जातो. म्हणजे देखरेख करायची तीही कोणाला तरी जेवू घालताना किंवा कपडे बदलताना. घरपोच सेवेतील सीनिअरकडे याऐवजी नव्या ग्राहकाच्या घरातील धोक्यांची पाहणी आणि सहकाऱ्यांच्या कामाची अचानक तपासणी असते.

प्रशिक्षण : काळजी सहायकांच्या प्रशिक्षणाबद्दलच्या 2013 च्या कॅव्हेंडिश अहवालानंतर एप्रिल 2015 पासून नवागतांसाठी ‘केअर सर्टिफिकेट’ आले, त्यात आरंभी 15 मानके होती. सीनिअरसाठी साधारणतः तिसऱ्या स्तराची पदविका अपेक्षित असते. ‘लीड ॲडल्ट केअर वर्कर’ ही काम करत शिकण्याची उमेदवारीही त्याच स्तराची आहे. इंग्लंडमध्ये काळजी कर्मचाऱ्यांची सक्तीची नोंदवही नाही. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये ती आहे.

वेतन व स्थलांतर : राष्ट्रीय जीवनवेतन एप्रिल 2016 मध्ये ताशी 7.20 पौंड होते, ते एप्रिल 2025 मध्ये 12.21 पौंड झाले. तळाचा दर वाढत गेला तसे केअर वर्कर व सीनिअर यांच्या पगारातील अंतर आक्रसले. किल्ल्या, सही आणि जबाब देण्याची वेळ मात्र सीनिअरवरच राहिली, त्यामुळे बढती नाकारणारे अनुभवी कर्मचारी भेटतात ते उगाच नव्हे. कामाच्या जागी झोपण्याच्या पाळीत, जागे राहून काम न केलेले तास किमान वेतनासाठी मोजले जात नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये दिला.

जानेवारी 2021 पासूनच्या गुणाधारित व्हिसा पद्धतीत सीनिअर पात्र होते, साधे केअर वर्कर नव्हते. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनाही दार उघडले आणि भारत, नायजेरिया, झिंबाब्वे येथून मोठ्या संख्येने माणसे आली. त्यांतील काही प्रशिक्षित परिचारिका असूनही केअर वर्कर म्हणून रुजू झाल्या. 11 मार्च 2024 पासून नव्याने येणाऱ्यांना कुटुंब आणण्यास बंदी झाली आणि इंग्लंडमधील प्रायोजक संस्था सीक्यूसीकडे नोंदलेली असणे सक्तीचे झाले. 22 जुलै 2025 पासून केअर वर्कर आणि सीनिअर या दोन्ही पदांसाठी परदेशातून नवी भरती बंद आहे. आधीच देशात असलेल्यांना ठराविक अटींवर या व्हिसावर येण्याची सवलत जुलै 2028 पर्यंत ठेवली आहे.