टेक्सासचा काउबॉय आणि नेवाडाचा बकरू: टोपी सोडा, दोराचं टोक बघा

अमेरिकेत घोड्यावर बसून गुरं राखणारा कुणीही दिसला की आपण त्याला काउबॉय म्हणून मोकळे होतो. टेक्सासात ते खपून जातं. पण उत्तर नेवाडा, आग्नेय ओरेगन आणि नैर्ऋत्य आयडाहो मिळून जो ग्रेट बेसिनचा कोरडा पठारी टापू होतो, तिथला गडी स्वतःला बकरू म्हणवतो. कानाला हा शब्द बकऱ्याचा भाऊबंद वाटतो, पण तो आला स्पॅनिश ‘वाकेरो’वरून. ‘वाका’ म्हणजे गाय आणि ‘वाकेरो’ म्हणजे सरळसरळ गुराखी. स्पॅनिश ‘व’ बोलताना ‘ब’कडे झुकतो, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी पडून त्याचा बकरू झाला.

मूळ दोघांचंही मेक्सिकोतल्या गुराख्यांत आहे. एक वाट टेक्सासात गेली. दुसरी १७६९ पासून कॅलिफोर्नियात उभ्या राहत गेलेल्या स्पॅनिश मिशनांच्या गुरांबरोबर वाढली आणि पुढे डोंगर ओलांडून नेवाडात उतरली. दोन्हीकडे रान वेगळं होतं, म्हणून कामाची रीतही वेगळी झाली.

फरक ओळखायचा तर टोपीकडे बघू नका. खोगिराच्या पुढच्या टोकाला एक खुंटा असतो, त्याला हॉर्न म्हणतात. गुराच्या गळ्यात फास पडल्यावर दोराचं दुसरं टोक या खुंट्याशी काय करतं, ते बघा.

टेक्सासच्या जुन्या पद्धतीत दोर आधीपासूनच खुंट्याला पक्का बांधलेला असतो. याला ‘हार्ड अँड फास्ट’ म्हणतात. दोर नायलॉनचा आणि आखूड, साधारण ३० ते ३५ फूट. दक्षिण टेक्सासात मेस्कीटची काटेरी झुडपं आणि निवडुंग इतके दाट, की लांब फास फिरवायला जागाच मिळत नाही. झाडोऱ्यातून गाय क्षणभर मोकळ्यावर येते, तेवढ्यात फास टाकायचा. ती पुन्हा झाडीत घुसली तरी दोर हातचा जात नाही, घोडा तिला थोपवून धरतो. धोकाही यातच आहे. गाय झाडाच्या एका बाजूने गेली आणि घोडा दुसऱ्या बाजूने, किंवा घोडा पडला, तर दोर सोडवायला वेळ मिळत नाही. म्हणून असा गडी चाकू हाताशी ठेवतो.

बकरू दोर बांधत नाही. फास पडला की उरलेल्या दोराचे खुंट्याभोवती वेढे घेतो. ही ‘डॅली’. ‘दाले वुएल्ता’, म्हणजे ‘वेढा दे’, या स्पॅनिश शब्दांचा हा अपभ्रंश. त्याचा पारंपरिक दोर म्हणजे ‘रियाता’, कच्च्या चामड्याच्या चार किंवा जास्त वाद्या विणून केलेला. लांबी ६० फुटांच्या आसपास, कधी त्याहून जास्त. सेजब्रश नावाच्या ठेंगण्या झुडपांच्या उघड्या माळावर एवढा दोर फेकता येतो. पण रियाता झटका सोसत नाही. तो खुंट्याला बांधून ठेवला आणि सात-आठ मणांचा गोऱ्हा उधळला, तर दोर तुटणारच. म्हणून वेढे थोडे घसरू द्यायचे, गुराचा जोर हळूहळू जिरवायचा आणि मग आणखी एक वेढा वाढवायचा. खुंट्यावर खेचराचं कातडं गुंडाळलेलं असतं, त्यावरून दोर सरकताना कधी कधी धूर निघतो.

उजव्या हाताचा गडी वेढा घड्याळाच्या उलट दिशेने घेतो. दोराची वेटोळी आणि लगाम डाव्या हातात. वेढा घेताना उजव्या हाताचा अंगठा वर हवा. तो दोर आणि खुंट्याच्या मध्ये सापडला तर तुटतो, आणि अंगठा गमावलेली माणसं या धंद्यात खरोखरच असतात. स्पर्धांत फास टाकणारे लोक खुंट्यावर रबर गुंडाळतात. रबर दोर घट्ट धरतं, त्यामुळे दोन वेढ्यांत काम होतं, पण मग दोर सरकत नाही आणि रियाता वापरण्यात अर्थ उरत नाही. रियाताला जपावंही लागतं. भिजला की तो ढिला पडतो, कोरडा राहिला की तडकतो, आणि नजर चुकली की कुत्रा त्याला हाड समजून चघळतो. आज बरेच बकरूही रोजच्या कामाला कृत्रिम धाग्याचाच लांब दोर घेतात, पण वेढ्याची पद्धत त्यांनी सोडलेली नाही.

खोगिराची घडण याच फरकातून आली. बांधलेल्या दोराला हिसका बसला की खुंटा पुढे ओढला जातो आणि खोगिराची मागची बाजू उचलते. म्हणून टेक्सासच्या खोगिराला दोन तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचे पट्टे, एक पुढे आणि एक मागे. पोटाखाली या दोन तंगांना जोडणारी एक छोटी वादी असते, ती विसरून चालत नाही. ती नसली तर मागचा तंग सरकत जांघेशी जातो आणि शहाणा घोडाही उड्या मारू लागतो. खुंटा बारीक आणि ठेंगणा चालतो, कारण त्यावर एक गाठच बसायची असते. बकरूचा खुंटा उंच आणि जाड असतो, कारण जाडीवर वेढे चांगले धरतात. त्याच्या खोगिराला पुढे फुगवटे नसतात. घोडा उसळला तर मांड्या अडाव्यात म्हणून तो दोन्ही बाजूंना भरलेल्या चामडी गाद्या बांधतो. पूर्वी मधोमध एकच तंग असे, आता दुसराही दिसतो.

खरी श्रीमंती मात्र घोडा तयार करण्यात आहे, आणि इथे बकरूची बाजू जड आहे. टेक्सासात मोठ्या रँचला, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या वाडीला, वर्ष-दोन वर्षांत कामाला लागणारा घोडा हवा असतो. तोंडात द्यायच्या साध्या सांध्याच्या कडीपासून सुरुवात होते आणि लवकरच बाजूंना दांड्या असलेल्या ‘कर्ब’ कडीवर घोडा येतो. लगाम दोन सुट्या पट्ट्यांचा असतो. त्या जमिनीवर टाकल्या की शिकवलेला घोडा जागचा हलत नाही.

बकरू यासाठी पाच-सात वर्षं घालवतो. कोवळ्या घोड्याला बहुधा आधी साधी कडी, मग ‘हॅकमोर’. आपल्या बैलाच्या म्होरकीशी याचं नातं आहे, कारण तोंडात काहीच नसतं. नाकावर विणलेल्या कच्च्या चामड्याचा ‘बोसाल’ असतो आणि त्याला घोड्याच्या केसांचा, साधारण २२ फुटांचा ‘मेकाटे’ बांधलेला असतो. त्याचाच लगाम होतो आणि उरलेल्या टोकाचा कासरा. सुरुवातीला बोसाल जाड, पाऊण इंचाच्या आसपास, आणि पुढे बारीक होत जातो. चुकतं ते इथे: दोन्ही बाजूंनी एकदम, सतत ओढून धरलं की घोडा बोसालवर रेलायला शिकतो आणि जबड्याची कातडी सोलते. एका बाजूने हलकी ओढ द्यायची आणि घोड्याने ऐकलं की त्याच क्षणी सोडायची. त्यानंतर पेन्सिलीएवढा बोसाल आणि तोंडात कडी, असे दोन लगाम एकत्र. सगळ्यात शेवटी ‘स्पेड’ कडी. तिच्या मधल्या चमच्यासारख्या पट्टीकडे बघून छातीत धस्स होतं, पण मुरलेल्या हातात ती नुसत्या इशाऱ्यावर चालते. तीच कडी अर्धवट शिकलेल्या घोड्याच्या तोंडात दिली तर टाळू फाटतो.

कपड्यांवरून अंदाज बांधता येतो, खात्री नाही. काट्यांच्या मुलखात पायांवर घोट्यापर्यंत बंद चामडी नळ्या, माळावर गुडघ्याखाली संपणारी झालरीची ‘चिंक्स’. टेक्सासच्या टोपीची कड वर वळलेली, बकरूची सपाट. बकरूच्या गळ्यात मोठा रेशमी रुमाल असतो, थंडीच्या वाऱ्यात तो खरोखर उपयोगी पडतो. पण हल्ली टेक्सासची तरुण पोरंही सपाट टोपी घालतात. कामाच्या घोड्यांच्या कळपाला टेक्सासात ‘रेमुदा’ आणि बेसिनमध्ये ‘कॅव्ही’ म्हणतात. ऐकून ओळखायला ही खूण बरी.

डॅलस-फोर्ट वर्थ भागातले मराठी लोक पाहुण्यांना फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्सला, म्हणजे जुन्या गुरांच्या बाजाराला, नेतात. तिथे दिवसातून दोनदा रस्त्यावरून लांब शिंगांची लाँगहॉर्न गुरं नेतात. गुरं खरी आणि घोडेस्वारही तरबेज, पण ते प्रात्यक्षिक आहे, त्यावरून रँचच्या कामाचा अंदाज येत नाही. बकरू बघायचा तर नेवाडातलं एल्को. तिथे १९८५ पासून जानेवारीच्या अखेरीस काउबॉय कवींचा मेळावा भरतो आणि आसपासच्या रँचवरचे गडी त्याला येतात.

भेट झाली तर गुरं किती, हे विचारू नका. तो प्रश्न बँकेतली शिल्लक विचारल्यासारखा लागतो. न विचारता दोराला हात लावू नका आणि घोड्याच्या मागून जाऊ नका. घोडा कोणत्या टप्प्यावर आहे, हे विचारा, मग तास कसा गेला कळणार नाही. आणि रँचचं फाटक उघडं मिळालं तर उघडं ठेवा, बंद मिळालं तर बंद करा. उघडं फाटक बहुतेक वेळा मुद्दामच तसं ठेवलेलं असतं, पलीकडच्या पाण्यावर गुरं जावीत म्हणून.