घरगुती स्टुडिओ (नागपूर)

घरच्याच एखाद्या खोलीत, मोजक्या आणि परवडणाऱ्या साधनांवर गाणे मुद्रित करण्याच्या व्यवस्थेला घरगुती स्टुडिओ किंवा होम स्टुडिओ म्हणतात. एक माईक, माईकचा आवाज संगणकात पोचवणारा ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि तोंडापुढची जाळी एवढ्यावर तो उभा राहतो. लॅपटॉप घरात असेल, तर बाकीचे सामान साधारण २० ते २५ हजारांत जमते. एकावर एक आवाज चढवणे घरी शक्य झाले ते १९७९ साली टास्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारे पोर्टास्टुडिओ यंत्र आणल्यावर. पुढे सगळे काम संगणकावर आले. मुद्रणाच्या सॉफ्टवेअरपैकी ऑडॅसिटी फुकट मिळते, रीपर अल्प किमतीत. नागपुरात भीमगीते, भजने, गणपतीची गाणी अशा खोल्यांतून होतात, आणि त्यांचा दर्जा सामानापेक्षा खोलीवर जास्त ठरतो. महाग माईक उघड्या खोलीत लावला, तर तो त्या खोलीचा दोषच जास्त बारकाईने टिपतो.

रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवून पाहावी. मागोमाग ‘टण्ण’ असा धातूसारखा आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत असे समजावे. दहा बाय दहाची खोली यात सर्वांत अवघड. दहा फुटांच्या अंतरात साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकतो, आणि लांबी-रुंदी सारखी असल्याने तोच सूर दोन्ही दिशांनी फुगतो. ढोलकीचा धुम् आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमार अशा खोलीत ओळखू येत नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो; त्याने काहीही साधत नाही, पुठ्ठा फार पातळ असतो. घरातली कापसाची गादी कोपऱ्यात उभी केली, गोधड्या भिंतीपासून चार-पाच इंच सोडून दोरीवर टाकल्या, कपड्यांनी भरलेली आलमारी उघडी ठेवली, तर फरक लगेच कानाला कळतो. गोधडी कुठे टांगायची यात मात्र बहुतेकांची चूक होते. ती माईकच्या मागे लावतात. नेहमीचा माईक समोरचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो, म्हणजे त्याला गायकाच्या पाठीमागची भिंत ऐकू येते. जाड कापड हवे ते गायकाच्या पाठीशी. हे सगळे खोलीतला घुमारा कमी करते, बाहेरचा आवाज अडवत नाही. रस्त्यावरच्या हॉर्नला गोधडीचे काही वाटत नाही.

नागपुरात याहून मोठा प्रश्न कुलरचा. मार्च सरता सरता तो खिडकीला लागतो आणि मृगाच्या पावसापर्यंत हलत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि गाणाऱ्याला कुलर बंद करा म्हणणे जिवावर येते. तरी बंद करावाच लागतो, कारण त्याची घरघर गळ्याच्या खालच्या सुरांतच मिसळते. पंखा थांबला, मोटर थांबली म्हणजे शांतता झाली असेही नाही. ओल्या वाळ्यातून टाकीत पाणी निथळत राहते, टप्... टप्..., आणि संवेदनशील कंडेन्सर माईक तो एकेक थेंब टिपतो. दोन-तीन मिनिटे कोणी काही बोलत नाही. थेंब थांबला की टेक सुरू. एक कडवे होईस्तो गायकाच्या कपाळावरचा घाम पापणीवर येतो, हेडफोनच्या गाद्या ओल्या होतात. कडवे संपले की पुन्हा कुलर. म्हणून अनुभवी माणसे उन्हाळ्यातले गाणे कडव्याकडव्याने, पहाटे चार ते सहाच्या दरम्यान घेतात. १४ एप्रिलच्या जयंतीची गाणी फेब्रुवारीतच घेऊन ठेवणे शहाणपणाचे. गणपतीची गाणी आषाढात येतात, तेव्हा टिनाच्या छपराखाली काम करणाऱ्याला पावसाची उघडीप पाहावी लागते. डिसेंबर-जानेवारी हा या शहरातला खरा मुद्रणाचा हंगाम: पंखा नको, खिडकी बंद, रात्र मोठी.

ऋतूचा परिणाम वाद्यांवरही होतो. कोरड्या हवेत तबल्याची पुडी ताणली जाऊन सूर चढतो, दमट हवेत उतरतो. दोन महिन्यांच्या अंतराने एकाच गाण्याचे तुकडे घेतले, तर सूर पुन्हा लावूनही नादाचा पोत वेगळा ऐकू येतो. पावसाळ्यात माईक सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावा.

बारीक ‘हूं’ असा अखंड आवाज येत असेल, तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. आधी अर्थिंग तपासावे. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करून पाहावे. बऱ्याच घरांत दुखणे तिथेच सापडते. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मुद्रण करूच नये.

सॉफ्टवेअरमध्ये मुद्रण २४ बिटवर (आवाजाचे बारकावे टिपण्याच्या मापावर) ठेवावे आणि सर्वांत जोराची जागा मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन, म्हणजे माईकच्या आवाजाची वाढ, द्यावी. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज पुन्हा सांधत नाही. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा पोचला की गायक ठेक्याच्या मागे पडतो. हा उशीर बफरमुळे, म्हणजे संगणक एका वेळी साठवून पुढे पाठवतो त्या आवाजाच्या तुकड्यामुळे होतो. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल) १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे एका वेळी सुमारे २१ मिलिसेकंद. तोच १२८ केला की तीनच्या आत येतो. लॅपटॉप जुना असेल, तर गायकाचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देणारी इंटरफेसवरची डायरेक्ट मॉनिटरची कळ वापरावी.

विदर्भातल्या भजनी मंडळाचे मुद्रण हा वेगळाच आनंदाचा विषय आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी इथे हवीच, आणि तिच्या झांजांचा टोकदार आवाज पहिल्या थापेलाच लेव्हल लाल करतो. प्रत्येकाला वेगळा माईक देण्याइतके सामान घरी नसते, गरजही नसते. एकच माईक मध्ये ठेवून माणसे हलवावीत. मुख्य गायक दीड फुटावर, हार्मोनियम थोडी तिरपी, म्हणजे भात्याची फसफस माईकवर येणार नाही. झील धरणारे अर्धवर्तुळात, आणि खंजिरीवाले काका सहा-सात फूट मागे, दाराशी. एकेकाला अर्धा फूट पुढे-मागे सरकवत केलेले हे मिक्सिंग पुढे संगणकावर होणाऱ्या मिक्सिंगपेक्षा खरे उतरते.

जुन्या संतांचे अभंग कोणालाही गाता येतात, पण त्यांना अलीकडच्या संगीतकाराने दिलेल्या चालीवर त्याचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ चे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांचे संरक्षण त्या हिशेबाने २०२८ अखेरपर्यंत आहे.

नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा नको असलेला आवाज सॉफ्टवेअरने पुसणे, जपून वापरावे. कोणता आवाज पुसायचा हे सॉफ्टवेअरला कळावे म्हणून दहा-पंधरा सेकंद नुसती खोली मुद्रित करून ठेवतात, पण मात्रा वाढली की गायक पाण्याखालून गातो आहे असे वाटते. तयार गाणे हेडफोनवर, फोनच्या स्पीकरवर आणि शेवटी मोनो करून, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐकावे. मंडपातल्या कर्ण्यांना डावे-उजवे नसते. हार्मोनियम रुंद वाटावी म्हणून दोन बाजूंना पसरवलेली असली, तर दोन्ही बाजू एकत्र येताच त्या एकमेकींना खोडू शकतात, आणि हेडफोनवर छान वाजणारी पेटी चौकातल्या कर्ण्यावर ऐकूच येत नाही.