नॉलेज
नॉलेज : लंडनहून निघणारे इंग्रजी सचित्र विज्ञान नियतकालिक (१८८१–१९१७). खगोलशास्त्रावरील लेखक व व्याख्याते रिचर्ड अँथनी प्रॉक्टर (१८३७–८८) यांनी ४ नोव्हेंबर १८८१ रोजी ते साप्ताहिक म्हणून सुरू केले. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांच्या नेचर या विज्ञान साप्ताहिकाचा पहिला अंक १८६९ मध्ये याच तारखेला निघाला होता. हा योगायोग असो वा नसो, प्रॉक्टर आणि लॉकयर यांचे वैर जगजाहीर होते.

प्रॉक्टर केंब्रिजचे पदवीधर होते. १८६६ मध्ये एक बँक बुडाल्यामुळे त्यांच्या डोक्यावर मोठे कर्ज झाले आणि हौसेचे लेखन चरितार्थाचे साधन बनले. विज्ञानसंशोधनाला सरकारी पैसा मिळावा या लॉकयर यांच्या आग्रहाला त्यांचा विरोध होता. कागदावरील कर १८६१ मध्ये उठल्याने नियतकालिके स्वस्त झाली होती. त्यातच नॉलेजची किंमत अवघी दोन पेन्स ठेवण्यात आली. ‘साधे शब्द, अचूक वर्णन’ अशा आशयाचे ब्रीद मुखपृष्ठावर असे. त्या महिन्यातील आकाशाचा नकाशा, उत्क्रांतीवरील ग्रँट ॲलन व एडवर्ड क्लॉड यांचे लेख आणि गणित यांच्या शेजारीच बुद्धिबळ व व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळाची सदरे असत. व्हिस्टचे सदर प्रॉक्टर स्वतःच ‘किलवर पंजा’ या अर्थाच्या टोपणनावाने लिहीत. अंकाचा खरा जीव मात्र पत्रव्यवहारात होता : तज्ज्ञांच्या मतावर सामान्य वाचकाने शंका घ्यावी आणि संपादकाने, प्रसंगी फटकळपणे, तिला उत्तर द्यावे, ही रीत विद्वत्सभांच्या इतिवृत्तांत सापडणारी नव्हती.

साप्ताहिकाचा व्याप न झेपल्याने १८८५ मध्ये नॉलेज मासिक झाले. प्रॉक्टर तोवर अमेरिकेत स्थायिक झाले होते; १२ सप्टेंबर १८८८ रोजी न्यूयॉर्क येथे तापाने त्यांचे निधन झाले. त्यानंतरचे संपादक आर्थर कूपर रॅनयार्ड (१८४५–९४) यांनी आकाशगंगा व तेजोमेघ (अवकाशातील वायू व धूळ यांचे मेघ) यांची मोठी छायाचित्रे छापून मासिकाला वेगळे वळण दिले. वादाची धार मात्र ओसरली. पुढील काळात ग्रिनिच वेधशाळेचे एडवर्ड वॉल्टर माँडर त्यात नियमित लिहीत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी वऱ्हाडातील तळणी येथे तळ ठोकणारे ते हेच माँडर होत. तेथे त्यांच्या पत्नी ॲनी माँडर यांनी सूर्यकिरीटाचा (सूर्याभोवतीच्या, खग्रास ग्रहणात दिसणाऱ्या तेजस्वी बाह्य आवरणाचा) अतिशय लांब झोत छायाचित्रात टिपला.

१९०४ मध्ये दुसरे एक सचित्र विज्ञानपत्र नॉलेजमध्ये विलीन झाले. पहिले महायुद्ध चालू असतानाच, १९१७ मध्ये, त्याचे प्रकाशन थांबले.