सण साजरा करताना मन खातं, ते का? नाशिकच्या मंडळीची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की शरणपूरकडे, म्हणजे नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत, घराघरात करंज्या-शंकरपाळ्या तळायला घेतात, चर्चच्या तरुण संघाची पोरं ढोलकी घेऊन कॅरल्सला, म्हणजे नाताळची गाणी म्हणत, निघतात आणि कुणीतरी वडीलधारं म्हणतंच, एवढा धिंगाणा कशाला रे, जगिक (देवाचं सोडून दुनियेच्या मौजेचं) वाटतं. शेजारचा दिवाळीचा फराळ घ्यावा का, वरातीत नाशिक ढोलावर पाय हलले तर पाप लागतं का, हे प्रश्न पण त्याच खात्यातले.

आता हे मन खाणं शास्त्रातूनच, म्हणजे बायबलमधूनच, आलं म्हणावं तर शुभवर्तमान लिहिणारा योहान सांगतो की येशूचा पहिला चमत्कार काना गावच्या लग्नघरात झाला, द्राक्षारस संपला म्हणून (द्राक्षांच्या जिल्ह्यात हा उतारा वाचताना थोडं हसू येतंच). करिंथ शहराच्या मंडळीत मूर्तीला वाहिलेल्या मांसावरून वाद झाला तेव्हा प्रेषित पौलाने सांगितलं की मूर्ती म्हणजे काही नाही, फक्त कच्च्या विश्वासाच्या भावाला ठेच लागेल असं खाऊ नका, पण मूर्तीच्या पंगतीत सहभागी होऊ नका हेही त्यानेच बजावलं. म्हणजे मोकळीक आहे, सरसकट नाही. आणि कलस्सै गावच्या मंडळीला तर सरळ लिहिलं, खाण्यापिण्यावरून, सणावरून कुणाला तुमचा न्याय करू देऊ नका.

मन खाणं तसं जुनंच. जुन्या काळातले बिशप संत ऑगस्टिन, त्यांना चर्चमधल्या गाण्यात शब्दांपेक्षा चाल जास्त आवडली की आपण पाप केलं असं वाटायचं, त्यांनी ते लिहून ठेवलंय. उलट प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर, त्याने 1530 मध्ये निराश झालेल्या एका तरुणाला पत्रात चक्क सांगितलं, चार लोकांत बस, हसखेळ कर, थोडी पी, सैतानाची जिरव!

पण आपल्याकडे जे पोचलं ते बरंचसं प्युरिटन लोकांकडून, म्हणजे इंग्लंडातल्या कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंटांकडून. त्यांचं म्हणणं, 25 डिसेंबर शास्त्रात कुठंय? 1647 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ रद्दच केला, मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि स्कॉटलंडात नाताळची सार्वजनिक सुट्टी 1958 ला मिळाली. आता बघा, अहमदनगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन त्याच न्यू इंग्लंडच्या (मॅसॅच्युसेट्सच्या भागातल्या) परंपरेतलं, मुंबई-पुण्यात स्कॉटिश मिशन. नाशिकला मात्र चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे अँग्लिकन (इंग्लंडचं अधिकृत चर्च), त्यांच्या कॅलेंडरात नाताळ-ईस्टर होतेच. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली आणि हे सगळे प्रवाह एका छपराखाली आले, त्यामुळे एकाच बाकावर बसलेल्या दोघांचं सणाबद्दलचं मत वेगळं असतं यात नवल नाही.

त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या पहिल्या पिढीचं दुखणं वेगळं. होळी, दिवाळी, गणपती सोडायचे म्हणजे माहेर, भावकी, वर्षभराचा आनंदच सोडायचा, आणि एवढं सोडून आलेल्या माणसाला सण म्हटला की मागे ओढल्यासारखं वाटणार, हे मला तरी पटतं. इथे नारायण वामन टिळकांचं काम मोठं. जलालपूरच्या लक्ष्मीबाईंचे ते यजमान, 1895 मध्ये बाप्तिस्मा, नोकरी त्याच अमेरिकन मिशनमध्ये, पण त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, टाळ-मृदंगाला ख्रिस्ती मंडळीत मान मिळवून दिला. आज उपासनेत आपण बिनधास्त टाळ्या वाजवून त्यांचे अभंग म्हणतो, तेव्हा कुणी जगिक म्हणत नाही.