घरगुती प्रयोगसाहित्य (रसायनशास्त्र)

नववी-दहावीचे रसायनशास्त्राचे प्रयोग घरातल्या, बाजारातल्या आणि टाकाऊ वस्तूंतून उभ्या केलेल्या साधनांनी करण्याची पद्धत. मध्य प्रदेशात तिची परंपरा जुनी आहे. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ मिडल स्कूलांत सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला, पण तो सहावी ते आठवीपुरता होता. इंदूरच्या शिक्षकाला सामान शोधत हिंडावे लागत नाही. धुण्याचा सोडा आणि तुरटी सियागंजच्या बाजारात मिळते, चुना पानवाल्याकडे, तर हायड्रोजन पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात.

सर्वांत कामाची वस्तू म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातला संपलेला साधा जस्त-कार्बन सेल. ‘अल्कलाइन’ लिहिलेला सेल कधीही फोडू नये. त्यात दाहक पोटॅश असते आणि कार्बनची कांडी नसतेच. साध्या सेलमधली काळी पूड मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड व कार्बनची असते. ती तीन-चार पाण्यांनी धुऊन वाळवावी. ६ टक्क्यांच्या ५ मिली पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर टाकली की सुमारे १०० मिली ऑक्सिजन सुटतो आणि धुमसती उदबत्ती आत धरताच भपकन पेटते. फेस नुसताच रेंगाळला तर पूड नव्हे, बाटली जुनी असते.

सेलमधल्या दोन कांड्या विद्युतअपघटनाला, म्हणजे विजेने पाण्यातला हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळा करायला, लागतात. २०० मिली पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आणि ९ व्होल्टची बॅटरी पुरते. मीठ टाकू नये, क्लोरीन सुटतो. १० मिलीच्या दोन कोऱ्या सिरिंजचे दट्टे काढावेत, टोके मेणबत्तीवर वितळवून बंद करावीत आणि द्रावणाने भरून कांड्यांवर उपड्या घालाव्यात. हायड्रोजन ८ मिली जमला तरी ऑक्सिजन ४ मिली भरत नाही. धन कांडीचा कार्बन थोडा ऑक्सिजन खातो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो सोड्यात विरतो. प्रयोग बिघडला असे म्हणून हा धडा सोडून देणे हे मोठे नुकसान आहे.

गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले खळगे थेंबांच्या प्रयोगांना उत्तम. मात्र फाटलेली पत्री पूर्ण सोलावी. राहिलेल्या ॲल्युमिनियमवर सोडा बुडबुडे काढतो आणि मुले भलताच वायू लिहून मोकळी होतात. हळदीचा कागद चुन्याच्या निवळीत लाल होतो. कुंकू याच क्रियेने बनते. आम्लाला तो दाद देत नाही, त्यासाठी जास्वंद हवी.

जड (दुष्फेन) पाण्याच्या प्रयोगासाठी नर्मदेचे आणि बोरिंगचे पाणी ५०-५० मिली घेऊन साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने टाकावे. फेसात फरक दिसला नाही तर वडी साबणाची आहे की डिटर्जंटची, ते आधी पाहावे.

इंजेक्शनच्या कुप्या थेट ज्योतीवर तडकतात. त्या गरम पाण्यातच तापवाव्यात. संडास साफ करण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एका टेबलावरही ठेवू नये.