किल्टचे माप पँटच्या आकड्यावरून ठरत नाही

स्कॉटलंडचा पारंपरिक किल्ट, म्हणजे पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार, घागऱ्यासारखा पोशाख, शिवून घेताना पँटच्या कमरेचा आकडा कळवला की पुरे, हा समज फार दिवसांपासून पसरलेला आहे आणि तो सपशेल चुकीचा आहे. हल्लीची पँट बहुधा कमरेच्या हाडाच्या आसपास किंवा त्याखाली बसते, तर किल्ट त्याच्या बराच वर, जवळजवळ बेंबीच्या रेषेत बांधला जातो. शिवाय पँटवर छापलेला आकडा आणि तिचा खरा घेर यांत पुष्कळदा इंच-दोन इंचांची तफावत असते. म्हणून टेप शरीरालाच लावावी लागते: कमर, नितंबांचा सर्वांत रुंद भाग आणि कमरेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंतची लांबी. मापे दुसऱ्याकडून घ्यावीत, कारण टेपकडे पाहायला आपण वाकलो की लांबीचा आकडा तिथेच बदलतो.

लांबीबाबत माझा आग्रह विशेष आहे. पारंपरिक किल्टला साधारण आठ वार लोकरी कापड लागते, म्हणजे नऊवारीहून एकच वार कमी. मागच्या चुण्या कमरेपासून नितंबांपर्यंत हाताने शिवून पक्क्या केलेल्या असतात, आणि खालचा काठ ही कापडाची मूळ किनारच असल्यामुळे, उसवून लांबी वाढवता येईल अशी दुमडलेली पट्टी तिथे नसते. कमरेतला इंचभर फरक बाजूचे चामडी पट्टे सांभाळून घेतात. आखूड झालेला किल्ट मात्र आखूडच राहतो.