कमी कर्बांचा डबा आणि तुपाचा प्रश्न

"ताई, पोळी-भात बंदच आहे, मग डब्यात तूप एवढंसं का?" नागपुरात धरमपेठेपासून महालापर्यंत जवळपास प्रत्येक ग्राहक हे विचारतो, आणि नेमकं दुपारी, डबे निघायच्या घाईत. म्हणून उत्तर छापूनच देतोय.

कर्ब, म्हणजे पोळी-भातातली कर्बोदकं, कमी केल्याचा फायदा तुम्हाला ठाऊक आहे, त्यासाठीच तर डबा लावला. जेवणानंतरची साखर कमी चढते, बहुतेकांचे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) उतरतात. अडचण आहे ती एलडीएलची, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलची. पोळीच्या जागी ताटात काय आलं यावर ते ठरतं. शेंगदाणे, जवस, मासे, मोडाची मटकी आली तर सहसा बिघडत नाही. तूप, लोणी आणि रविवारचं चरबीसकट मटण आलं, तर काहींचं एलडीएल चांगलंच वर जातं, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थर साचवणारं तेच.

हिशोब साधा आहे. मोठा, पंधरा मिलीचा चमचाभर तूप म्हणजे साधारण 8 ग्रॅम संपृक्त चरबी, एलडीएल वाढवते ती. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा साधारण 22 ग्रॅम. तीन चमच्यांत ती ओलांडली, पनीर आणि दूध तर अजून मोजलंच नाही. आम्ही फोडणी शेंगदाणा तेलाची देतो, वरून तूप एक छोटा चमचा. हा कंजूषपणा नाही, तूप थोडं जास्त घालून ग्राहक खूश करणं आम्हाला सोपंच होतं.

खरा वेळ जातो तो पुढे. तीन महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट, येतो, खाली ओळ, "तुमच्या डब्याने कोलेस्टेरॉल वाढलं." मग फोनवर एकेक विचारत बसावं लागतं. शेवटी निघतं काय, तर सकाळी कॉफीत दोन चमचे तूप, संध्याकाळी लोण्यात परतलेलं पनीर. म्हणून विनंती, रिपोर्ट पाठवताना डब्याबाहेर काय खाल्लं तेही लिहा. चहासोबतच्या टोस्टसकट.

भाकरीचंही थोडं. "ज्वारीची चालते ना?" चालते, पण कर्ब तिच्यातही गव्हाच्या पोळीइतकेच. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेहाच्या अभ्यासात दिसलं की आपल्या रोजच्या कॅलरींपैकी 62 टक्के कर्बांतून येतात, आणि एकूण कर्ब तेवढेच ठेवून नुसतं मैद्या-तांदळाऐवजी गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही. त्यामुळे मागाल तर अर्धी भाकरी मिळेल, दोन नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही हट्टी आहोत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी डोस बोलून घेतल्याशिवाय डबा सुरू करत नाही, साखर एकदम खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्या घेणाऱ्यांनी तर कर्ब फार कमी करण्याआधी विचारायलाच हवं, कारण त्यात साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोनचं आम्ल साचण्याचा धोका असतो. बीपीच्या गोळ्यांचंही डॉक्टरांच्या कानावर घाला. ग्राहक गेला तरी चालेल.

तुपाची सवय सुटत नसेल तर आमची जवसाची चटणी मागवून बघा. आपल्या विदर्भाचंच पीक, आणि त्यातल्या तेलाचा निम्मा भाग ओमेगा-3, म्हणजे असंपृक्त चरबीचा एक प्रकार. डब्यासोबत छोटी वाटी मिळतेच, घरच्यासाठी पाव किलोची बरणी वेगळी. उद्याच्या डब्यातले बदल मात्र आज रात्री नऊच्या आत कळवा.